अमावस्येचा रंधा

निजामाच्या राजवटीत हिंगोलीच्या शाळेत आम्हाला सुतारकाम शिकवणारे मास्तर रंधलेली फळी कधी बघत नसत. रंध्यातून निघालेला छिलका उचलून ते खिडकीच्या उजेडात धरत. तो एकसारखा पातळ असेल तर मान हलवत. नसेल तर म्हणत, "काहून घाई केली, लेकरा? तू बोलू नको. मी छिलक्याला इचारून राहिलो."

अमावस्येला लाकडाला पातं लावायचं नाही, हा त्यांच्या घरचा नेम होता. आदल्या दिवशी ते सगळ्या रंध्यांची पाती आत सरकवून ठेवत आणि अमावस्येला नुसत्या आकृत्या काढत.

नेमके अमावस्येलाच तपासणीचे साहेब आले. ते खूश झाले नाहीत तर हा वर्ग बंद होईल, असं हेडमास्तरांनी बजावलं होतं. साहेबांनी रंधकाम दाखवायला सांगितलं. मास्तरांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पातं आत असलेला रंधा खाली मान घालून फळीवरून फिरवला. एकही छिलका निघाला नाही.

"वाह, क्या हाथ है! कचरा तक नहीं गिरा," साहेब म्हणाले. हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून आम्हीही वाजवल्या.

साहेबांचा टांगा गेल्यावर मागून एक पोरगं ओरडलं, "मास्तर, छिलका दावा की!"

सगळा वर्ग हसला.

"व्हय, बराबर हाय तुझं," मास्तर म्हणाले.

वर्ग चालू राहिला. मास्तर मात्र त्यानंतर आमच्या रंधलेल्या फळ्याच बघू लागले. छिलके ते न बघताच झाडून टाकायला सांगत.