मोडलेल्या सौद्याची बातमी

माझी सून प्रांजल अंधेरीच्या ऑफिसात काय करते, हे मला लग्नानंतर तीन वर्षं धड कळलं नव्हतं. विचारलं की म्हणायची, "आई, कुठल्या कंपनीने कुठली कंपनी विकत घेतली, ते आम्ही कॉम्प्युटरवर भरतो. मग पैसे भरलेले लोक नाव टाकून शोधतात." मी म्हणायचे, "म्हणजे कंपन्यांच्या सोयरिकी लिहितेस. आणि त्याचा पगार देतात?" मग चिडायची. फटकळ आहे तोंडाची, पण कामाला वाघ. एखादी नोंद चुकल्याचं आठवलं तर ताटावरून उठून ऑफिसात फोन करणारी.

त्या दिवशी सकाळी चहा झाला आणि आमचे हे खाटेवरून उठायला गेले ते बसकन खाली आले. म्हणतात, "सुगंधा, माझे पाय खंय गेले गो?" मला वाटलं मस्करी करतायत. पायाला चिमटा काढला, तर ढिम्म!

विक्रोळीहून त्यांना मुलुंडच्या हॉस्पिटलात नेलं, मी आणि माझा मुलगा सुयोग. डॉक्टर भला माणूस, सरळ बोलला. मणक्यात काहीतरी नसांवर दाबतंय. लवकर काढलं तर पाय परत येतील, उशीर झाला तर गेले ते गेले. नेमकं कुठे कापायचं ते कळायला एमआरआय हवा. आणि ह्यांच्या छातीत पेसमेकर! त्या मशीनचं लोहचुंबक इतकं जबरदस्त, की सगळेच पेसमेकर त्यात चालत नाहीत. "कंपनीकडून लेखी आणा, लगेच करतो," म्हणाला.

पेसमेकरचं कार्ड ह्यांच्या शर्टाच्या खिशात होतं, पण कार्डावरची कंपनीच उरली नव्हती. सुयोगने मोबाईलवर शोधलं, तर बातमी निघाली की एका अमेरिकन कंपनीने ती विकत घेतली. हॉस्पिटलवाल्यांनाही तेच नाव मिळालं. त्यांच्या इथल्या ऑफिसला फोन लावला. आधी "बघून सांगतो." मग "मेल करा." मग "साहेब मीटिंगमध्ये आहेत." अख्खी सकाळ गेली आणि उत्तर काय, तर हा पेसमेकर आमच्या नोंदीतच नाही. डॉक्टर म्हणाला, आता एमआरआयविनाच अंदाजाने ऑपरेशन करावं लागेल.

तेवढ्यात प्रांजल धावत आली. ऑफिसात तिची कसलीशी परीक्षा होती, फोन बाहेर जमा केलेला. सगळं ऐकलं आणि सुयोगवर उखडलीच. "कुणी घेतली म्हणालास?"

"अगं, बातमी आहे ना!"

"बातमी सौदा ठरल्याची आहे रे! ठरला म्हणजे झाला का?" तिने बाकावरच लॅपटॉप उघडला, कार्डावरचं नाव टाकलं. "हे बघ. मोडला. सरकारी परवानगीच मिळाली नाही त्यांना. नंतर स्वित्झर्लंडच्या दुसऱ्याच कंपनीने घेतली. खरी मालक ती."

"म्हणजे साखरपुडा एकाशी आणि लग्न दुसऱ्याशी," मी म्हटलं. "आणि आपण सकाळपासून साखरपुडावाल्याच्या दारात बसलोय! वाट लागली."

तिने स्वित्झर्लंडला फोन लावला. तिकडच्या बाईने कार्डावरचा नंबर विचारला. शेवटचा आकडा घामाने पुसलेला. तीन म्हणावा तर तीन, आठ म्हणावा तर आठ. प्रांजलने दोन्ही सांगितले. ती बाई म्हणाली, तपासून मेल करते. आता त्या बाईचं तरी काय खरं? बाकावर बसून राहण्याशिवाय हातात काही नव्हतं. पडद्याआड हे नर्सला विचारत होते, "अजून किती वेळ गो?"

मी प्रांजलला हळूच विचारलं, "तुझ्या त्या कॉम्प्युटरमधलं चुकतं का गं कधी?"

"चुकतं, आई. आम्ही माणसंच भरतो ना."

"मग हे कुणी भरलंय?"

तिने लॅपटॉपवर काहीतरी दाबून बघितलं. "मीच. नोकरीला लागले त्या वर्षी." "आई, तेव्हा मला काही येत नव्हतं हो. चुकून दुसऱ्याच कंपनीचं नाव टाकलं असेल तर?"

एरवी मी दोन शब्द सुनावले असते. पण माझंच अवसान गळालेलं. तिचा हात घट्ट धरला. देवाचं नावसुद्धा आठवेना.

मेल आला. शेवटचा आकडा आठच होता, पेसमेकर त्यांचाच होता, हृदयापर्यंत गेलेल्या वायरींसकट एमआरआयला चालणारा होता. प्रांजल लॅपटॉप तसाच छातीशी धरून डॉक्टरच्या खोलीकडे पळाली. एमआरआय झाला. ऑपरेशनही लगेच झालं.

दुसऱ्या दिवशी ह्यांच्या डाव्या पायाचा अंगठा हलला आणि मी वॉर्डातच रडायला लागले. उजवा काही हलला नाही. प्रांजलने डॉक्टरला बाहेर गाठून विचारलंच, सकाळीच झालं असतं तर? तो म्हणाला, "कदाचित दोन्ही वाचले असते." ह्यांना आम्ही ते सांगितलेलं नाही. आता काठी घेऊन घरात फिरतात आणि पायाला शिव्या घालतात. "उजवो ऐकना नाय मेलो." प्रांजल त्यांचा पाय मांडीवर घेऊन रोज व्यायाम करून घेते. तिने त्या बातमीवाल्यांना कितीतरी मेल पाठवले, की सौदा मोडला, तेवढं तरी खाली लिहा.

काल सुयोगने ती बातमी पुन्हा काढून दाखवली. शोधलं की अजून तीच पहिली येते. दोन सूटवाले हात मिळवून हसतायत, वर फुलांचे गुच्छ. संताप संताप झाला माझा. एवढ्यात आतून काठीचा आवाज आला. मी म्हटलं, "बंद कर रे तो मोबाईल. हे येतायत."