सारं वाचा बाई

"सारं वाचा बाई. काहीच गाळू नका."

हे म्हणताना ते मान जराशी डावीकडे कलती करायचे आणि दोन बोटं स्पीकरवर ठेवायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावीत तशी. तुमच्या गल्लीतही असं एखादं माणूस असेल. नीट पाहून ठेवा. मी पाहिलं नाही.

मालेगावात आमच्या समोरच्या घरात ते एकटे राहत. बसस्टँडच्या रस्त्याला त्यांचं दुकान होतं. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग संगणक दुरुस्त करत. काचबिंदूनं नजर गेली, दुकान बंद झालं. मग एक जुना संगणक त्यांनी घरी आणला आणि त्याला बोलतं केलं. पडद्यावर जे येईल ते तो मोठ्यानं वाचायचा. बातम्या, पत्रं, औषधांची नावं. कुणी नाक दाबून पाढे म्हणावेत तसं त्याचं मराठी. पण त्या आवाजावर त्यांचं सगळं घर चालायचं. पुण्याच्या मुलानं ठरवून टाकलं होतं, "बाबा, तुमचं तुम्हाला वाचता येतं तोवर राहा तिथं. नाही जमलं की मी न्यायला येईन."

मशीन म्हातारं, हळू. म्हणून त्यांनी त्याचा कर्नल स्वतः बांधायचं ठरवलं. कर्नल म्हणजे काय, मी विचारलं.

"पाटील समजा. अन् मोड्यूल म्हंजे त्याचे सालदार, सालावर ठेवलेले गडी. एक कीबोर्ड पाहाते, एक आवाज पाहाते. बिनकामाचे सारे मी कमी केले. आता पाटील कसा पयते पाहा."

पाटील पळाला. पण आवाजाचा सालदार काही कामावर येईना आणि मशीन मुकं झालं. जुना कर्नल असता तर मागं फिरता आलं असतं, पण जागा पुरत नाही म्हणून तो त्यांनी आधीच पुसला होता. "तेवढी घाई झाली जी," ते म्हणाले. मुलगा रविवारी येणार होता. तो दिवस मंगळवार.

आता गंमत पाहा. आपलं काय दुखतं ते मशीन पडद्यावर लिहून सांगत होतं, आणि वाचणाऱ्याला दिसत नव्हतं. म्हणून त्यांनी मला हाक मारली. "बाई, तुमचे डोये पायजे होते थोडेसे."

तेव्हा मी बासष्ट वर्षांची अल्लड पोर होते. शाळेतून निवृत्त झालेली, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, आणि तोऱ्यात. गल्लीतल्या सगळ्या बायकांना चष्मा लागला, मला नाही, असं मी भजनी मंडळात ऐकवायचे. चष्मा होता. तांदळाच्या डब्यात लपवलेला. ज्याला दिसतच नाही त्याच्यासमोर चष्मा घालायला लाजणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे? मी ती बाई.

त्यांची बोटं कीबोर्डवर न चुकता फिरायची. मी डोळे बारीक करून एकेक ओळ वाचायचे.

"मोड्यूलचा फॉर्मॅट चुकीचा आहे म्हणते," मी म्हटलं.

"म्हंजे सालदार दुसऱ्या पाटलाचा हाये. जुन्या ठरावावर नवा पाटील त्याले ठेवत नाई. खाली दोघायचे नंबर असतीन. वाचा."

मी वाचले. "सारखेच आहेत की."

"सारखे? शेवटपर्यंत?"

एका नंबरच्या शेवटी बारीक काळं काहीतरी होतं. मला वाटलं, माशीची घाण. पदरानं पुसलं. गेलं नाही.

"शेवटपर्यंत," मी म्हटलं.

त्यांनी कीबोर्ड बाजूला सारला. "तुमी म्हणता तं सारखेच असतीन."

मग त्यांनी चूक दुसरीकडं शोधली. तारा बदलल्या, कार्ड काढून पुसलं, तोच मोड्यूल पुन्हा पुन्हा चढवून पाहिला. मी रोज सकाळी जायचे. ते कपाच्या काठावर बोट ठेवून चहा ओतायचे आणि विचारायचे, "आलं जास्त झालं का?" दोन वर्षांत मला चहाचं कुणी विचारलं नव्हतं. मशीन इतक्यात बोलू नये, असंही एका सकाळी वाटून गेलं. लिहून टाकलं. आता हसा नाही तर रागवा.

रविवारी मुलगा आला. भला माणूस. त्यानं एक पत्र मशीनवर उघडलं आणि वाट पाहिली. त्यांनी दोन बोटं स्पीकरवर ठेवली. काही वेळानं उचलली.

एका पिशवीत कपडे मावले. किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, "तुमचे डोये लई शिणवले जी मी."

दुसऱ्या दिवशी घर झाडायला गेले. मशीन चालूच राहिलं होतं, पत्राखाली त्याच जुन्या ओळी. घरात कुणी नव्हतं, म्हणून चष्मा घातला. नंबरच्या शेवटी अधिकचं चिन्ह होतं. स्पष्ट, काळं, दोन रेघांचं.

मी पुण्याला फोन लावला.

"अधिक?" ते म्हणाले. "हां. कर्नल मी दुसऱ्यांदा बांधला, तवा त्यानं आपल्या नावाले ते लावून घेतलं. मोड्यूल पयल्या बांधणीचा राह्यला." मग हळूच, "त्या दिवशी नव्हतं का जी ते?"

"होतं. मले माशी वाटली. चष्मा नव्हता घातला."

"काहून?"

"तुमच्यासमोर कसा घालू?"

ते हसले, ठसका लागेपर्यंत हसले. मग एकेक अक्षर सांगत गेले आणि मी दाबत गेले. मोड्यूल नव्या नावावर पुन्हा बांधला. अर्ध्या तासानं त्या रिकाम्या खोलीत कुणीतरी नाक दाबून म्हणालं, "सोमवार. सकाळचे अकरा."

मी फोन स्पीकरला लावून धरला.

"येता का मग परत?" मी विचारलं.

"पोरानं इथं खोली लावून देली जी. पाहू."

ते आले नाहीत. तीन वर्षांनी त्यांची बातमी तेवढी आली.

मशीन आता माझ्याकडं आहे. सुरू होताना स्वतःची सगळी कुंडली वाचत बसतं. नात सुट्टीत आली की वैतागते. "आजी, हे मधलं बंद करून देऊ का?"

"राहू दे. सारं वाचू दे त्याले."

चष्मा माझ्या नाकावर असतो. दोन बोटं स्पीकरवर ठेवून मी ऐकते. आधी ते आपलं नाव सांगतं, मग नंबर, आणि सगळ्यात शेवटी, न गाळता, म्हणतं, "अधिक."