छावणीतलं इंग्रजी

मला इंग्रजीचं एकच वाक्य येतं. ते मी आयुष्यात एकाच दिवशी बोलले, तेही चार वेळा.

दुष्काळ बहात्तरचा नव्हे, त्याच्या बऱ्याच नंतरचा. नेकनूरच्या बाजूला आमचं गाव. गावात बायकांची दूध सोसायटी होती. बायकांची नावाला. कागदावर चेअरमन एक बाई होती, पण कारभार तिच्या नवऱ्याचा, आणि आम्ही चेअरमन त्यालाच म्हणायचो. पाणी आटलं तेव्हा सोसायटीने नदीच्या कोरड्या पात्रालगत गुरांची छावणी काढली. परदेशातली एक संस्था तिथे चारा पाठवणार होती. माझी एकच म्हैस, गाभण. मालक रोजगार हमीवर खडी फोडायला जायचे, पोरं सासूपाशी, आणि मी म्हशीबरोबर छावणीत. म्हैस जगली तरच घर जगणार होतं. दुसरं काही नव्हतं.

पहिले वीसेक दिवस ट्रक आले. मग उसाचे वाळके वाढे येऊ लागले, म्हणजे शेंड्याची पाती. तीही एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड. बाकीचा चारा कुठे उतरतो ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी बोलत नव्हतं. समोरच्या दावणीतल्या एका माणसाने विचारलं होतं, "आमचा वाटा कुटं हाय?" दुसऱ्या दिवशी त्याच्या दोन्ही गायी छावणीबाहेर काढल्या. आठवड्यात त्यातली एक रस्त्याकडेला मरून पडलेली आम्ही पाहिली. कोल्ह्या-कुत्र्यांनी पोट फाडलेलं होतं. त्यानंतर कोणी काही विचारलं नाही.

एक दिवस चेअरमनने शाळा शिकलेल्या पाच बायका वेगळ्या काढल्या. मी चौथी झालेली, म्हणून त्यात आले.

"चारा धाडनारे गोरे लोक बघायला येनार हायेत," तो म्हणाला. "त्येंच्याशी त्येंच्या भाषेत बोललं का लई खूश होतात. हायस्कूलच्या बाई तुमाला शिकवतील. आन ध्यान ठिवा, जी अडखळंल तिनं आपलं जनावर सोडायचं आन घरी न्यायचं."

मागून एक म्हातारी म्हणाली, "दादा, म्हशीलाच शिकवा की. ती तरी खरं बोलंल."

कोणी हसलं नाही. चेअरमनने वळून पाहिलं तेव्हा म्हातारीने पदर तोंडावर ओढला होता.

हायस्कूल चेअरमनचंच. बाई परळीकडची, लग्न न झालेली, पंचविशीची असेल. ती रोज सकाळी यायची आणि काडीने धुळीत रेघा ओढून शिकवायची. "आधी कोण ते म्हणायचं. मग कसं किंवा केव्हा. मग काय केलं ते. सगळं झालेलं सांगायचं, होणारं नाही." प्रत्येकीला एक वाक्य. एकीला 'दे डेली केम हिअर'. दुसरीला 'शी हॅपिली वर्क्ड'. माझं वाक्य होतं 'वी ऑलवेज गॉट फॉडर'. आपल्याकडे केलेलं काम वाक्याच्या शेवटी येतं. तिकडे ते मधेच येतं, त्यामुळे जीभ वळायला दोन दिवस गेले.

आम्ही शेण भरताना म्हणायचो, पाण्याच्या टँकरला उभं राहून म्हणायचो. एका पहाटे उठले तर तिसरा शब्द गेलेला. म्हशीच्या गळ्यातल्या दाव्याकडे पाहत बसले. शेजारणीने सांगितला तेव्हा आला. तेव्हापासून मी भाकर खातानाही तोंडातल्या तोंडात ते म्हणत होते. भाकरीची चव लागत नव्हती.

सहाव्या दिवशी बाईला एकटं गाठलं.

"बाई, ह्याचा अर्थ काय हाय?"

"अर्थ कशाला हवा, ताई? तुम्हाला छान येतंय."

"मी काय बोलतीय ते मला कळू नये व्हय?"

तिने दोन्हीकडे पाहिलं. "आम्हाला नेहमी चारा मिळाला."

"कुनाला मिळाला?"

"तुम्हाला. वी म्हणजे आम्ही. ऑलवेज म्हणजे नेहमी." मग तिने माझं मनगट धरलं. "ताई, माझी नोकरी कायम झालेली नाही. कुणाला सांगू नका."

"न्हाई सांगत," मी म्हटलं. आणि सांगितलं नाही.

मुद्दाम चुकावं असं मनात आलं. मग म्हशीच्या कमरेची हाडं दिसली. तो विचार मी सोडून दिला.

गोऱ्यांची जीप आली त्या दिवशी पहिल्या दावणीत हिरवागार चारा टाकला होता. आम्हाला तिथेच उभं केलं. आमची जनावरं तिसऱ्या दावणीत होती. दोन गोरे पुरुष आणि एक उंच गोरी बाई उतरली. पहिल्या चौघी आपापलं बोलल्या. एकीचा आवाज चिरकला, पण वाक्य पुरं झालं. मग मी बोलले. स्वच्छ बोलले.

तिथेच घोटाळा झाला. त्या गोऱ्या बाईला वाटलं, मला इंग्रजी येतं. ती हसत माझ्यापुढे आली आणि काहीतरी लांबलचक विचारलं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी म्हटलं, "वी ऑलवेज गॉट फॉडर." तिने गुरांकडे हात करून आणखी विचारलं. मी तेच म्हटलं. चेअरमनच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. हायस्कूलची बाई खाली पाहत होती.

मग त्या गोऱ्या बाईने माझा हात धरला आणि खूण केली, तुझं जनावर कुठलं? ही खूण कळायला भाषा लागत नाही. मी तिला तिसऱ्या दावणीकडे नेलं. सगळे मागून आले. तिने गव्हाणीत हात घातला. माती निघाली. तिने म्हशीच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून दोन-तीन शब्दांत काही विचारलं. शब्द कळले नाहीत. काय विचारलं ते कळलं.

चेअरमन माझ्या खांद्यामागे उभा होता. त्याच्या तोंडाचा तंबाखूचा वास येत होता. मी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं.

"वी ऑलवेज गॉट फॉडर," मी म्हटलं.

तिने माझा हात सोडला आणि वहीत लिहिलं.

जीप गेल्यावर चेअरमन म्हणाला, "वैनी, लई भारी बोललात." बायका जमल्या. शेजारच्या खुंट्याला जिचे दोन बैल होते तिने विचारलं, "काय बोलत व्हती गं येवढं?"

"म्हैस किती दूध देती म्हनून इचारलं," मी म्हटलं.

दुपारभर मी हिशोब मांडत बसले. त्या बाईला माझं खरं वाटलं असेल तर ती म्हणेल, इथे चारा पोचतोय, आता दुसरीकडे पाठवा. खोटं वाटलं असेल तर म्हणेल, हे सगळे चोर आहेत. कसंही धरलं तरी ट्रक येणार नव्हता. छावणीत दीडशे जनावरं होती आणि तिथे मुक्कामाला असलेल्या माणसांत हे मला एकटीला कळत होतं. सांगितलं असतं तर चेअरमनने विचारलं असतं, वाक्याचा अर्थ तुला कोणी सांगितला. शिवाय माजलगावजवळ माझ्या भावाच्या विहिरीला पाणी होतं ते एका म्हशीपुरतं, दहांपुरतं नव्हे. तेही मी मोजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हैस सोडली. माणसं हसली. "इंग्रजी बोलली आन डोकं फिरलं," एक जण म्हणाला. बैलवाल्या शेजारणीने दावं धरलं. "कावून नेतीस गं? चार दिसांत ट्रक येनार हाय. चेअरमन सोता म्हनलेत."

"माय आजारी हाय," मी म्हटलं आणि दावं सोडवून घेतलं.

चालायला पाच दिवस लागले. म्हैस दोनदा बसली. दुसऱ्यांदा उठेना, तेव्हा मी तिची शेपटी पिरगळली, लाथा घातल्या, शेवटी तिच्यापाशी बसून वाट पाहिली. ती आपली आपणच उठली. भावाने आम्हा दोघींना बघितलं आणि काही न विचारता पोहरा विहिरीत सोडला.

ट्रक आला नाही. पंधरा दिवसांत छावणी मोडली. पाऊस झाल्यावर मी गावी परतले. म्हैस व्यायली होती, मागे रेडी होती. शेजारणीचे दोन्ही बैल गेले होते. ती आली, रेडीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"तुला कळलं व्हतं का गं, छावनी मोडनार म्हनून?"

"न्हाई," मी म्हटलं आणि तिला तांब्याभर दूध दिलं. पुढे वर्षभर देत राहिले. तिला वाटलं, शेजारधर्म.

ती अजून आहे. वाचता येत नाही तिला, पण नातू वाचतो. हे त्याच्या हाती लागेल याची मला रोज भीती वाटते, आणि तरी मी लिहिलं आहे.