पोलादी सवत

षड्रिपूंच्या पंगतीत मत्सराचे पान शेवटी मांडतात. पण जेवून उठतो तो सर्वांच्या आधी, आणि मग घरभर हिंडू लागतो. शारजातल्या एका तीन मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तो शिरला, आणि थेट रशीदाच्या घरी मुक्कामाला राहिला.

रशीदा मूळची बाणकोटची. संसाराची चोवीस वर्षे शारजात गेलेली. नवरा मुश्ताक मेकॅनिक. हात असा, की बंद पडलेले यंत्र त्याच्या स्पर्शाने लाजून चालू व्हावे. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या बागेत कोणा शिल्पकाराने बाकावर बसलेली एक पोलादी बाई आणून ठेवली. माणूस समोर आला की ती उठे, छातीवर हात ठेवून सलाम करी, पुन्हा बसे. तिची देखभाल मुश्ताककडे आली, आणि रशीदाला सवत मिळाली.

“आज तिचा डावा गुडघा जड वाटला,” तो जेवताना म्हणे. “वाळू गेली असणार आत.”

रशीदा त्याला आणखी भात वाढी. तिन्ही जिने चढून-उतरून तिचेही गुडघे झिजले होते. सात वर्षे ती भिंत धरून चढत होती. आणि दोन पायऱ्या पुढे चालणाऱ्या या जाणत्या माणसाने एकदाही मागे वळून विचारले नव्हते. सांगावे, असे जिभेच्या टोकावर येई. पण पोलादाला जे न बोलता मिळते, ते आपण का मागून घ्यावे?

आईचा चेहरा बघून लेक अफशा हसली. “अम्मी, इट्स जस्ट अ मशीन!”

“मशीन आहे म्हणून वाचली. बाई असती तर झिंज्या धरल्या असत्या.”

एका शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटोपून मुश्ताक हत्यारांची पेटी घेऊन निघाला.

“यल्ला, चला, मीही येते,” रशीदा म्हणाली. “बघू तरी, कसली अप्सरा आहे!”

अप्सराच होती ती! ताठ, उन्हात उजळलेली, अंगावर एक सुरकुती नाही. रशीदा त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मुश्ताकने त्या पोलादी पायांशी बसकण मारली, गुडघ्यावरचे झाकण काढले, कान लावला, आणि नामस्मरणात बुडालेल्याचे मिटावेत तसे त्याचे डोळे मिटले. रशीदाच्या काळजात निखारा पडला.

पोलादी बाई अलगद उठली. रशीदालाही चेव चढला. तू उठतेस? मग मीही उठते! बाकाला हात न लावता ती झटक्यात उभी राहिली.

कट्ट!

“ऐकलंस?” मुश्ताकने डोळे उघडले नाहीत. “बेअरिंग गेलं. खलास.”

पोलादी बाई बसली, तशी रशीदाही बसली. पुन्हा कट्ट.

“बसतानाही! अगं, हे फार दिवसांचं दुखणं आहे. एवढं झिजेपर्यंत माझं लक्ष होतं कुठे?”

“तेच मी विचारतेय.” रशीदाचा आवाज फुटला. “तो आवाज तिचा नाही, अफशाचे पप्पा. माझा आहे.”

मुश्ताकने डोळे उघडले. समोरचा पोलादी गुडघा निर्मळ होता, त्यात खोट नव्हती. त्याच्या हातातला पाना गवतात पडला. तो बसल्या बसल्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे सरकला, ग्रीसने माखलेला तळवा पँटला पुसला, आणि तिच्या अबायावरून अलगद गुडघ्यावर ठेवला.

“हलव जरा.”

“लोक बघतायत!” ती म्हणाली, पण हात तिने दूर केला नाही.

“बघू देत. चढताना जास्त दुखतं, की उतरताना?”

कोणी समोर आले असावे. पोलादी बाई उघड्या गुडघ्यानेच उठली आणि सलाम करून बसली. मुश्ताकने मान वर केली नाही.

“उतरताना,” रशीदा म्हणाली, आणि सात वर्षांची एकेक पायरी त्याला सावकाश सांगू लागली.