'पंखे बंद' म्हणजे काय?

पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी चौदा हंगाम मशीनवर बसलो. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी; पण नुसत्या आवाजावरून कुठला पंखा कुरकुरतोय ते सांगायचो. भिंतीवर खटके होते. खाली दाबला की चालू, वर केला की बंद. आंधळ्यालाही कळावं.

मग शेठनी खटके काढून कॉम्प्युटर आणला. त्याला धूळ लागू नये म्हणून काचेची केबिन केली आणि मला आत बसवलं. आता पंख्यांचा आवाज काही माझ्यापर्यंत येईना. पुण्याहून इंजिनिअर आला, पडद्यावर सगळं मराठीत करून गेला. घोळ त्या मराठीनंच केला.

आठवडाही झाला नव्हता. भर दुपारी द्राक्षाच्या पेट्या गार करायला लावल्या होत्या. पडद्यावर बघतो तर चौकोनात लिहिलेलं, 'पंखे बंद'. म्हणजे माल तापणार! दाबलं. लगेच अक्षरं आली, 'पंखे चालू'. आपण माल वाचवला म्हणून मी ऐटीत चहा मागवला.

चहा संपतो न संपतो तोच शेठ आले. "आबा, पंखे का बंद केले?"

"बंद होते, मी चालू केले."

"चालू होते, तुम्ही बंद केले! पेट्या तापायला लागल्यात." शेठनी स्वतः दाबून पंखे लावले. माल वाचला, पण शेठचा पारा काही उतरेना. "उद्यापासून इथं शिकलेला माणूस बसवतो. तुम्ही गेटवर बसा."

गेटवर! येणाऱ्या टेम्पोला सलाम ठोकायला! मी म्हणालो, "आधी त्या इंजिनिअरला बोलवा. मग जातो."

दुसऱ्या दिवशी तो आला. म्हणाला, "बाबा, 'पंखे बंद' म्हणजे दाबलं की पंखे बंद होतील. 'बंद करा' असं."

"मग 'करा' कुठंय?"

"चौकोनात बसलं नाही."

"तुमच्या 'करा'ला जागा नाय म्हणून मी गेटवर जाऊ? दुकानावर 'बंद'ची पाटी दिसली, तर गिऱ्हाईक काय शटर ओढायला जातं?"

शेठ मध्ये पडले, "आबा, शिकलेल्याला बरोबर समजतं ते."

शेठ बी.कॉम. मी खुर्ची सोडली. "बसा. आत्ता पंखे कसे हायेत, सांगा."

शेठनी पडद्याकडे पाहिलं. "बंद."

मी केबिनचं दार उघडलं. पंखे धडाडत होते. शेठ कालच दाबून गेले होते आणि आज स्वतःच फसले! इंजिनिअर खाली बघून हसत होता.

त्यानं पडद्यावर सरकवायचा खटका करून दिला. बाजूला नुसतं 'पंखे', चालू असले की हिरवा. मला जोर चढला. "कॉम्प्रेसरलाही खटकाच पाहिजे!" तो नको म्हणत होता, मी ऐकलं नाही, करायलाच लावला. खटका सरकवला; काही होईना. परत सरकवला, परत, परत. "बाबा, थांबा! कॉम्प्रेसर सुरू व्हायला तीन मिनिटं घेतो. जे लगेच होतं, त्यालाच खटका." मग तिथं त्यानं 'सुरू करा' असं बटण ठेवलं, दाबलं की 'सुरू होतंय, थांबा' लिहून यायचं. पोराचं बरोबर होतं. त्याला मी तसं सांगितलं नाही.

गेटचा विषय पुन्हा निघाला नाही. शेठ मात्र त्यानंतर केबिनमध्ये आले की पडद्याकडे न बघता मलाच विचारायचे, "आबा, पंखे?"