मधला बॉल

पूर्ण्याला, आमच्या गावात, भाताच्या खाचरांवर गोदामं उभी राहिली, तेव्हा जमीनवाल्या काही घरांनी मिळून मागच्या उरलेल्या तुकड्यावर टेनिसचं कोर्ट बांधलं. पोरं खेळतील म्हणून. पोरं पावसाळ्याआधीच कंटाळली आणि कोर्ट माझ्या वाट्याला आलं.

तेव्हा मी चाळिशीची होते आणि टेनिसबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती. बॉल दिसला की झोडायचा. ओढणी कमरेला घट्ट बांधून, भात झोडतात तशी मी रॅकेट डोक्यावरून खाली आणायचे. बॉल जाळीवरून, मग कुंपणावरून, थेट कंटेनरच्या रांगेत. एक ड्रायव्हर बॉल परत फेकताना म्हणायचा, "आंटी, लाइन के अंदर भी बहुत जगह है." मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहायचे आणि पुढचा आणखी जोरात हाणायचे. ती बाई आज जाळीपलीकडे उभी राहिली तर मी तिला चहा निवायच्या आत हरवीन. विशेष काही करायला नको. बॉल खोल आणि आडवा परत पाठवत राहायचं, उरलेलं सगळं ती स्वतःच करील.

एवढी एक गोष्ट कळायला मला फार वर्षं लागली. सर्व्हिसचा बॉल वर फेकायचा नसतो, फळीवर डबा ठेवावा तसा वर ठेवायचा असतो. समोरची रॅकेट फिरवते त्या क्षणी आपण दोन्ही पायांवर हलकी उडी घेतलेली असली पाहिजे. नाहीतर पाय जमिनीत रुजतात. आणि फटका मारून झाल्यावर त्याच्याकडे कौतुकानं बघत उभं राहायचं नसतं, जागेवर परत यायचं असतं. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. स्वतःच्या फटक्यांचं कौतुक मला भारी.

मुलगी खारबावला दिली. तिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, गुडघे आखडले म्हणून आमच्या कोर्टाभोवती फेऱ्या मारायला यायच्या. एकदा त्यांनी गंमत म्हणून रॅकेट हातात घेतली. लहानपणी वडिलांबरोबर खाडीत जाळं फेकलेली बाई ती. जाळं फेकताना कंबर फिरते आणि हात खालून वर जातो, तसाच त्यांचा फोरहँड गेला. मी मनात म्हटलं, जोडीदारीण मिळाली.

ठाण्याच्या स्पर्धेत पंचावन्नच्या वरच्या बायकांच्या दुहेरीत आम्ही दरवर्षी उतरायचो आणि दरवर्षी पहिल्याच सामन्यात हरून यायचो. या वर्षी नाव द्यायला गेलो तेव्हा आयोजकांनी सांगितलं, जोड्या फार कमी येतात, पुढच्या वर्षी हा गट नसेल. परतताना रिक्षात विहीणबाई टेमघर आल्यावर म्हणाल्या, "एक तरी जिंकायची हाय मला. एकच."

"जिंकू की," मी म्हटलं. मलाही तेवढंच हवं होतं.

समोर ठाण्याच्या दोघी आल्या, शाळेपासूनच्या मैत्रिणी. एक लांबून जोरात मारायची, दुसरी जाळीपाशी उभी राहून टपलेली. आमचा बेत साधा होता. जाळीवालीच्या डोक्यावरून उंच बॉल टाकायचा, जोरवालीला बॅकहँडवर ठेवायचं, आणि घाई करायची नाही. बेत चाललाही होता. गळती मधून होत होती. आमच्या दोघींच्या मधोमध बॉल आला की आम्ही दोघी थांबायचो, बॉल मधून निघून जायचा, आणि मग एकमेकींची माफी मागायचो.

"मला वाटलं तुमी घ्याल."

"छे छे, मला वाटलं तुम्ही."

पहिला सेट असाच गेला. बाकावर बसलो तर मुलगी पाण्याची बाटली घेऊन आली. "तुम्ही दोघी टेनिस खेळताय की पंगतीत आग्रह करताय?"

खरं तर नियम सोपा आहे. मधला बॉल जिचा फोरहँड तिकडे पडतो तिचा. मी उजवीकडे, विहीणबाई डावीकडे, म्हणजे तो त्यांचा.

"तुम्ही 'माझा' म्हणून ओरडा," मी म्हटलं.

"सुनेच्या आईसमोर माझा-माझा करू? न्हाय जमायचं. तुमीच सांगा, मी मारते."

आता आली का पंचाईत. मी मुलीकडची, त्या वरमाय. लग्नात त्यांचे पाय धुतलेले. आणि 'विहीणबाई, हा बॉल आपण घ्यावा' असं म्हणेपर्यंत बॉल कुंपणाला लागतो.

"एकेरीत बोलावं लागेल," मी म्हटलं.

त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून आभाळाकडे पाहत होती. "रेषेच्या आत काय ते बोला," त्या म्हणाल्या. "घरी न्हाय."

दुसऱ्या सेटमध्ये पहिल्या मधल्या बॉलला माझ्या तोंडून "घ्या" निघालं, आणि ते 'या' संपेपर्यंत उशीर झाला. पुढच्या वेळी मी डोळे मिटल्यासारखं करून म्हटलं, "घे!" विहीणबाईंनी कंबर फिरवली. बॉल जाळीवालीच्या पायाशी गेला आणि तिला तो उचलता आला नाही. मग मी "घे" आणि "सोड" असं ज्या मोकळेपणानं म्हणायला लागले, त्याची मला थोडी लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. सेट आमचा झाला.

एकेक सेट झाला, म्हणून निकालासाठी शेवटचा टायब्रेक. आम्हाला एक गुण हवा होता. जोरवालीनं कंटाळून बॉल मधोमध हाणला, आणि तो माझ्याकडे जरा जास्तच झुकलेला होता. चाळिशीतली ती बाई माझ्या आतून उठली, ओढणी खोचली आणि म्हणाली, झोड. रॅकेट अर्धी वर गेलीसुद्धा. पण माझा बॅकहँड मला ठाऊक आहे.

"तुझा!" मी ओरडले आणि खाली वाकले.

माझ्या डोक्यावरून विहीणबाईंचा हात गेला. जोर काही नव्हता त्यात. जाळी मधोमध सगळ्यात खाली असते; तिथूनच बॉल पलीकडे उतरला, दोघी मैत्रिणींच्या बरोब्बर मधे. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

हात मिळवून झाले. विहीणबाई रेषेबाहेर आल्या, पदरासारखा टॉवेल खांद्यावरून घेतला आणि म्हणाल्या, "आता बाहेर आलो हां."

"हो, विहीणबाई. पाणी घ्या."

त्या पाणी प्यायल्या. नजर शेजारच्या कोर्टावर होती. तिथे जिंकत आलेली जोडी दुपारी आमच्यासमोर येणार होती.

"एकच जिंकायची होती ना?" मी विचारलं.

"ती झाली," त्या म्हणाल्या. "त्यातली डावीकडची डावखुरी हाय, बघितलंत? दोघींचा बॅकहँड मधेच पडतो. आपण मधेच टाकायचं."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.