पिवळ्या कासेला काजळ

दादा, मी पिशोर सोडलं त्या सकाळी आई शेळी पिळत बसली होती. मी बॅग खांद्याला लावून शेळ्यांच्या वाड्याच्या कुडाशी उभा राहिलो, तरी ती उठली नाही. मान न वळवताच म्हणाली, "मधीच उठले तं ही पान्हा चोरंल. जाय तू, पोचल्यावर फोन कर." एसटी कन्नडला पोचेपर्यंत मी त्या शेळीला मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

आता तुला घालतो. "कोण हिंडतंय आता शेळ्यांमागं" म्हणालास, सगळ्या विकून टाकल्यास आणि आईला माझ्याकडे धाडून मोकळा झालास. तिला एका शब्दानं विचारलं नाहीस.

इथं संभाजीनगरात मी एका बंगल्यात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. खाली घरमालकीण. तिनं गेटजवळ एक झुडूप लावलंय, वांग्याच्या जातीचं, पानांनासुद्धा काटे. फळं विषारी, फक्त शोभेची. पिवळीधमक, मेणाची केल्यासारखी, आणि बुडाशी बारके बारके सड फुटलेले. थेट भरलेली कास. येणारा-जाणारा थांबून फोटो काढतो आणि ही बाई फुगते.

आईला ते बघवेना. भरल्या कासेचं कुणी कौतुक केलं की आपल्यात काय करतात ते तुला सांगायला नको. मी कंपनीत असताना तिनं एकूण एक फळाला काजळाचं बोट लावलं. संध्याकाळी बाईनं मला गेटातच गाठलं. "तुमच्या आईला आवरा. हे खेडं नाही. पुन्हा झाडाला हात लावला तर खोली खाली करायची."

आई मागंच उभी होती. "म्या काय वाईट केलं रं? लोकं लई टक लावून बघत व्हते," म्हणाली. मी बाईला काय बोललो ते इथं लिहीत नाही. आता दुसरी खोली शोधतोय.

ईर्षेनं मी दौलताबाद रोडच्या नर्सरीतून तसलंच झाड आणलं, गॅलरीत ठेवलं आणि आईला म्हणालो, लाव किती काजळ लावायचं ते. तिनं एक फळ तळहातावर घेतलं, सड दाबून पाहिला. "दूध नाय, पिल्लू नाय. ह्याला कशाची नजर लागती?" म्हणाली आणि आत जाऊन बसली. त्या झाडाला पाणी मीच घालतो.

मी शिफ्टला निघालो की ती रोज माझ्यामागं जिना उतरते. कंपनीची बस वळेपर्यंत गेटाशी उभी राहते, दोन्ही हात मोकळे. त्या सकाळी मला एवढंच हवं होतं. आता मागं तिच्या चपला वाजल्या की तुझ्यावर संताप येतो. मला पोचवायला आईला फुरसत नव्हती, ते माझं घर होतं. ते तू बाजारात नेऊन विकलंस.